शाळेत पोलीस येऊन ड्रग्जबद्दल शिकवतात (डेअर), खरंच उपयोग होतो का?

रसिका_ओहायो: आम्ही अमेरिकेत कोलंबसजवळ राहतो, लेक पाचवीत आहे. शाळेत डेअर सुरू झालंय, दर आठवड्याला पोलीस ऑफिसर युनिफॉर्ममधे वर्गात येतात. पहिला तास झाला आणि त्याच संध्याकाळी नवऱ्याच्या हातात बिअर बघून म्हणाली, बाबा तू ड्रग घेतोयस! हे तिने ऑफिसरला सांगितलं तर? आणि ज्या गोष्टींची तिला नावंही माहीत नाहीत त्यांची आपणच ओळख करून देतोय का? झोप उडालीये अक्षरशः.

मास्तरीणबाई: रसिका, मी इथे मिडल स्कूलला शिकवते. १९८३ मधे लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी आणि तिथल्या शाळांनी मिळून हे सुरू केलं आणि देशभर पसरलं, पण केंटकीत सहावीतल्या मुलांना विशीपर्यंत फॉलो केलं तर डेअर केलेल्या आणि न केलेल्या मुलांत फरकच दिसला नाही (१९९९ चा अभ्यास), २००३ मधे सरकारी ऑडिटवाल्यांनीही तेच म्हटलं. नुसतं भाषण देऊन, घाबरवून पोरं ऐकत नाहीत गं. म्हणून २००९ पासून नवा कोर्स आणला, त्यात नाही कसं म्हणायचं, तिथून कसं निघायचं याची वर्गातच प्रॅक्टिस करून घेतात. नव्वदच्या दशकात काही मुलांनी आईबापांची नावं पोलिसांना सांगितली होती हे खरंय, पण ती गांजा वगैरेची प्रकरणं, मोठ्या माणसाने घरी बिअर पिणं गुन्हा नाही. लेकीला तेवढं नीट समजावून सांग.

आदित्यची_आई: माझ्या मुलाने केलंय. वर्गात एक डबा ठेवतात, नाव न लिहिता प्रश्न टाकायचे, त्यामुळे जे मला विचारायला लाजला असता ते त्याने तिथे विचारलं. मी दर आठवड्याला वही बघायचे आणि घरी तेच सीन करायचो, मी मित्र व्हायचे आणि व्हेप (ई-सिगारेट) पुढे करायचे, पहिल्यांदा त्याला नाही म्हणताच येईना बिचाऱ्याला, चौथ्या पाचव्या वेळेला जमलं.

फार्मसीवाला_दादा: पाचवीत झालं म्हणजे संपलं असं समजू नका प्लीज. हायस्कूलची मुलं फोनवरून गोळ्या मागवतात, दिसायला हुबेहूब औषधाच्या, आत फेंटॅनिल, म्हणजे इतकं जबरदस्त अफूसारखं पेनकिलर की थोडंसंही जीव घेऊ शकतं. घरात टीनएजर असेल तर नार्कनचा नेझल स्प्रे (अशा ओव्हरडोसवर नाकात मारायचा उतारा) आणून ठेवा, २०२३ पासून प्रिस्क्रिप्शन लागत नाही.

रसिका_ओहायो: मनापासून थँक्यू सगळ्यांना. मोठा मुलगा दहावीत आहे, त्याच्याशी मी यावर एकदाही बोलले नाहीये, आज रात्रीच बसते. स्प्रे कुठल्याही फार्मसीत मिळतो ना?