ईव्हीवाल्यांनी रस्त्याचा खर्च उचलायचा की नाही?

खड्डेग्रस्त_चाकणकर: शेजाऱ्यांनी ईव्ही घेतली. आम्ही दोघं रोज त्याच रस्त्याने जातो, खड्डे पण तेच. पण मी पेट्रोल भरलं की लिटरमागे केंद्राचा रोड सेस जातो (2022 च्या कपातीत तो 5 रुपयांवर आला), वर राज्याचा 25 टक्के व्हॅट, गाडी घेताना 11 टक्के वन टाइम टॅक्स भरला तो वेगळाच. त्यांना यातलं काही नाही, उलट राज्याच्या 2025 च्या धोरणात अटल सेतू, मुंबई-पुणे एक्सप्रेसवे आणि समृद्धीवर टोल पण माफ! ईव्ही वाढू देत की, पण पेट्रोलचा खप घटला की डांबराला पैसे आणायचे कुठून?

चार्जर_शोधतोय: व्हॅट रस्त्यासाठी नसतोच हो, तो राज्याच्या तिजोरीत जातो. रस्त्याचा म्हणाल तर फक्त तो 5 रुपयांचा सेस. तुमची गाडी 15 चं ॲव्हरेज देत असेल तर किलोमीटरला 33 पैसे झाले. एवढ्यासाठी नवीन टॅक्स लावून लोकांना परत पेट्रोलकडे पाठवायचं का? माझ्या मुलीला दमा आहे, सिग्नलला धूर कमी झालेला मला हवाय.

खड्डेग्रस्त_चाकणकर: मुलीचं वाचून वाईट वाटलं, धूर कमी व्हायलाच हवा. पण वर्षाला 12 हजार किमी धरले तर 4 हजार रुपये होतात, पंधरा लाखांची गाडी घेणाऱ्याला ते जड का जावेत? न्यूझीलंडने एप्रिल 2024 पासून ईव्ही कारला 1000 किमीमागे 76 डॉलर लावलेत, तिथे डिझेलवाले आधीपासूनच असं भरतात.

साइट_इंजिनिअर: दोघंही कारवरच अडलात. ॲक्सलवरचं, म्हणजे चाकांच्या आसावरचं, वजन दुप्पट झालं की रस्त्याची झीज साधारण सोळा पट होते, म्हणजे भरलेला ट्रक कारच्या हजारो पट झीज करतो. त्याच 2022 च्या कपातीत डिझेलवरचा सेस 2 रुपयांवर आला, ट्रकला 4 चं ॲव्हरेज धरलं तर किलोमीटरला फक्त 50 पैसे. वजन गुणिले किलोमीटर असं घ्या, मग इंधन कुठलंही असो.

दहाचाकी: आम्ही नाक्यानाक्यावर ॲक्सलप्रमाणे टोल भरतो साहेब, तो पण मोजा की. अजून वाढवलंत तर भाडं वाढणार आणि तुमचाच कांदा महागणार.

खड्डेग्रस्त_चाकणकर: टोलचं मान्य, तो वजा करूनच हिशोब व्हावा. पण किलोमीटर मोजायचे कसे? ईव्हीला पीयूसी लागत नाही, नाहीतर त्या तपासणीतच किलोमीटरचं रीडिंग घेता आलं असतं, म्हणून मला वाटतं दरवर्षी इन्शुरन्स रिन्यू करताना ते घ्यावं.

चार्जर_शोधतोय: आणि अर्ध्या स्कूटर विना इन्शुरन्स फिरतात त्यांचं काय?