पश्चिमेचं ऊन आणि शेजारच्या गॅलऱ्या, दोन्हीला आडोसा होईल असं झाड सुचवा

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

नाशिकला आमचं बैठं घर आहे, पश्चिमेला ओटा आणि ओट्यापासून कंपाउंडची भिंत जेमतेम १२ फुटांवर. पलीकडे रिकामा प्लॉट होता तिथे आता तीन मजली बिल्डिंग झालीये आणि सगळ्या गॅलऱ्या आमच्याच बाजूला, त्यामुळे सासूबाई भाजी निवडायला बसल्या की वरून विचारणा, आज मेथी का :) माणसं चांगली आहेत हो, पण कपडे वाळत घालतानाही अवघडल्यासारखं होतं. शिवाय मार्चपासून दुपारचं ऊन थेट हॉलच्या भिंतीवर, रात्री जेवणं झाली तरी भिंत गरमच.

माती काळी, दोन-अडीच फुटांवर मुरूम. एप्रिल-मेमध्ये बोअरला पाणी कमी.

नर्सरीवाला म्हणतो खोट्या अशोकाची रांग लावा, पण त्या खांबांची सावली ती कितीशी पडणार? दुसऱ्याने कॉनोकार्पस सुचवला, झटपट वाढतो म्हणे, पण त्याच्या लागवडीवर गुजरातने २०२३ मध्ये बंदी घातली ते वाचलंय, नकोच. सप्तपर्णी छान दाट असते पण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये फुलली की तो उग्र वास, घरात दम्याचा पेशंट आहे. दिरांना बहावा हवाय. इंग्रजी साइट्सवर पण लिहिलेलं असतं की पानगळीचं झाड लावा म्हणजे थंडीत ऊन मिळतं, अहो पण आपला बहावा ऐन उन्हाळ्यात उघडा पडतो, तेव्हाच तर सावली पाहिजे!

उरले करंज, बकुळ आणि पुत्रंजीवा. एवढ्या जागेत काय बसेल? घराच्या पायाला धोका नको.

---

प्रतिसाद: ताई, करंज या पट्टीत नको. सावली एक नंबर, पण पसारा मोठा, अर्ध्या फांद्या शेजाऱ्यांकडे जाणार आणि पालापाचोळ्यावरून गोडी संपणार. बकुळ सदाहरित, दाट, फक्त वाढायला सावकाश. पुत्रंजीवा छाटणी छान सोसतो. अशोकाला मात्र उगाच नावं ठेवू नका, चारनंतर ऊन तिरपं येतं तेव्हा सरळ रांगेचीही सावली भिंतीवर पडते.

---

प्रतिसाद: सगळे आडोसा कंपाउंडच्या भिंतीलगत करतात, तिथेच गडबड होते. समजा वरची गॅलरी २८ फूट उंचीवर आहे आणि बिल्डिंग भिंतीपासून २० फूट लांब. ओट्यावर बसलेल्या माणसाला झाकायला भिंतीलगतचं झाड १३ फूट हवं, तेच ओट्यापासून ५ फुटांवर लावलं तर ८ फुटांत काम होतं. म्हणून ओट्याजवळ तगर किंवा कढीपत्ता वाढू द्या, भिंतीच्या बाजूला बकुळ. दोन वर्षांत बसण्यापुरता आडोसा होईल, बकुळ मागून येईल तिच्या चालीने.

---

प्रतिसाद: आणि जे लावाल ते विचार करून लावा. शहरी हद्दीत १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा लागू आहे, स्वतःच्या अंगणातलं झाड तोडायलाही परवानगी काढावी लागते.

---

मूळ लेखिका: खूप आभार! ओट्याजवळ लावायचं डोक्यातच आलं नव्हतं. नवऱ्याला बांबू धरून उभं करते आणि मापं घेते. बकुळीचं रोप केवढं घ्यावं, पिशवीतलं लहान की ६-७ फुटी तयार? मुरुमात मोठं रोप नीट धरतं का? कोणी लावलंय का असं?