विषय: रविवारच्या महाप्रसादाला आलेली मुलगी, एजंटला पैसे द्यायचे का (सोमवारच्या आत ठरवा)

मेधा, शुक्रवार रात्री ११.५०

नमस्कार मंडळी,

उशिरा लिहितेय पण थांबता येत नाहीये. रविवारी आपल्या मंडळाच्या महाप्रसादानंतर सगळे गेल्यावर पातेली घासायला जी मुलगी थांबली होती, सोलापूरकडची, तिचा आज फोन आला. इथल्या पटायाच्या बारमधली दीदी, म्हणजे मुलींवर देखरेख ठेवणारी बाई, पासपोर्ट देत नाहीये आणि एजंट म्हणतो ४५,००० बाट आणा, स्टॅम्प क्लिअर करून देतो, नाहीतर ओव्हरस्टेचा, म्हणजे परवानगीपेक्षा जास्त राहिल्याचा, १४० दिवसांचा दंड दिवसाला ५०० प्रमाणे ७०,००० भरा आणि वर तुरुंगात जा. प्रकाशने ग्रुपवर टाकलं की मदत निधीतून देऊन विषय संपवू. माझा विरोध आहे, आणि तो इथे सगळ्यांसमोर नोंदवतेय.

तिने मला वही दाखवली. रोज एक रेघ. साठ रेघा झाल्यावर एक जाड आडवी रेघ, कारण तिथे परवानगी संपली, आणि पुढे पुन्हा रेघा, पानंच्या पानं. ऑर्केस्ट्रात नाचायचं काम, तीन महिने, असं सांगून आणलं. इथे आल्यावर दीदी म्हणाली की तिकिटाचे, खोलीचे, कपड्यांचे मिळून तुझ्यावर दीड लाख बाट कर्ज आहे. गिऱ्हाईक हार विकत घेऊन गळ्यात घालतं, त्या हारातला तिचा वाटा कर्जात वळता. हार कमी पडले की गिऱ्हाइकाबरोबर हॉटेलवर जायचं. हे सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती, पातेल्याचा करपलेला तळ खरवडत होती.

मेधा

प्रकाश, शनिवार सकाळी ७.१५

मेधाताई, मला दगडाच्या काळजाचा ठरवू नका. मलाही मुलगी आहे. निधीत ६२,००० आहेत आणि ते अडचणीतल्या माणसासाठीच जमवलेत. पण आपल्यातल्या प्रत्येकाचं इमिग्रेशनकडचं ९० दिवसांचं रिपोर्टिंग, वर्क परमिट, मुलांच्या शाळा सगळं इथे आहे. आपण तक्रार केली आणि त्या बारवाल्याचे हात वरपर्यंत पोचलेले निघाले तर उद्या चौकशी मंडळाची होईल, त्याची नाही. ४५ देऊन ती घरी पोचत असेल तर पोचू दे. आणि तुम्ही तिला घरी ठेवायचं म्हणत होतात, तर परदेशी माणूस घरी उतरला की २४ तासांत टीएम-३०, म्हणजे इमिग्रेशनला कळवायचा फॉर्म, द्यावा लागतो, तो ओव्हरस्टेवालीचा कसा देणार? लपवलं तर तुम्हीच गुन्ह्यात.

हिशोब मला द्यावा लागतो म्हणून लिहिलं.

अनिल, शनिवार सकाळी ९.०५

प्रकाश, आधी आकडा दुरुस्त कर. ५०० रोज बरोबर आहे पण दंडाची कमाल २०,००० आहे, चाळीस दिवसांत मीटर थांबतो. ७०,००० हा आकडा कायद्यात नाहीच, तो घाबरवायला सांगितलाय. आणि २०१६ पासूनचा नियम असा की ९० दिवसांवर ओव्हरस्टे असलेला माणूस स्वतःहून एअरपोर्टवर हजर झाला तर एक वर्ष बंदी, पण वर्षाच्या आतलाच ओव्हरस्टे असून पकडला गेला तर पाच वर्षं. म्हणजे पोलीस धाड घालायच्या आत ती स्वतः गेलेली बरी.

आता "स्टॅम्प क्लिअर" म्हणजे काय ते. एक तर खोटा शिक्का, नाहीतर आतल्या कुणाकडून मारलेला खरा शिक्का ज्याची कॉम्प्युटरवर नोंद नाही. निघताना काउंटरवर तारखा जुळल्या नाहीत की साध्या ओव्हरस्टेचा बनावट शिक्क्याचा गुन्हा होतो. माझ्या आधीच्या कंपनीतल्या एका फोरमनचं हेच झालं, एका सीमा नाक्यावर एजंटने पासपोर्ट एकटाच आत नेऊन शिक्का आणून दिला, हा बिचारा व्हॅनमध्येच बसून होता. पुढे आठ महिने डिटेन्शनमध्ये. तिकिटाचे पैसे सुद्धा आम्ही वर्गणी काढून भरले कारण तिथून सुटायचं तर तिकीट आपलं आपणच काढावं लागतं.

माझं म्हणणं, भारतीय वकिलातीतून इमर्जन्सी सर्टिफिकेट (पासपोर्टऐवजी घरी परतायचा कागद), २०,००० दंड, तिकीट, संपलं.

जोशीकाका, शनिवार सकाळी १०.३०

अनिलच्या मेलला उत्तर देतोय. मी १९८६ पासून इथे आहे. पटाया कोळ्यांचं गाव होतं, १९६७ मध्ये व्हिएतनामला लढणाऱ्या अमेरिकन सैनिकांना सुट्टीवर पाठवायचा करार झाला, शेजारी उतापाओचा हवाई तळ, तिथून हे वाढलं. सैनिक गेले आणि धंदा राहिला. वेश्याव्यवसायाला कायद्याने बंदी १९६० पासून, १९९६ ला नवा कायदा आला, तरी दिव्यांच्या पाट्या उघड्यावर. जिथे धंदा बेकायदा पण चालू, तिथे तो चालू ठेवायचे पैसे दरमहा कुणीतरी कुणाला तरी देतंच. म्हणून सांगतो, मंडळाने यात पडू नये. आपलं मंडळ सांस्कृतिक आहे, घटनेत तसं लिहिलंय, ती घटना मी आणि देवधरांनी बसून लिहिली. कुणाला वैयक्तिक मदत करायची तर जरूर करा, मी स्वतः ५,००० देतो.

शुभांगी, शनिवार सकाळी ११.१०

मोठं पितळी पातेलं कुणाकडे गेलंय? हॉलवाले झाकण परत मागतायत. बाकी विषयावर मेधाला पाठिंबा.

सुहास, शनिवार दुपारी १.२०

काका, आदर ठेवून बोलतो, पण सांस्कृतिक मंडळाने गेल्या वर्षी त्या डीलर ग्रुपला हॉलमध्ये जेवण घातलं तेव्हा घटना आठवली नाही. बावीस पुरुष, बायका घरी, सोलापुरी चादरी भेट देऊन आपण सत्कार केला आणि रात्री त्यांची बस कुठे गेली ते सगळ्यांना ठाऊक होतं. टार्गेट पूर्ण केलं की कंपनी बँकॉक-पटाया देते, गावात त्याला टूर म्हणतात. त्या गिऱ्हाइकांना हिंदी गाणी आणि आपल्याकडची मुलगी हवी असते म्हणून ही पोरगी इथे आणली गेली. मागणी आपल्याकडूनच आलीय.

मी मडगावचा. लहान होतो तेव्हा १९९१ ला फ्रेडी पीट्सला पकडलं. अनाथ मुलांचं वसतिगृह चालवायचा आणि पोरांना परदेशी पाहुण्यांपुढे करायचा, घरात फोटोंचा ढीग सापडला. १९९६ ला जन्मठेप झाली. सगळं गाव त्याला देवमाणूस समजायचं. माझे बाबा नंतर कितीतरी वर्षं म्हणायचे, आपण त्याला नाताळला केक पाठवत होतो. तेव्हा बाहेरचे आपल्या पोरांसाठी येत होते, आता आपली माणसं बाहेर जातात. मला पुन्हा केक पाठवायचा नाहीये.

प्रकाश, शनिवार दुपारी २.००

सुहास, डीलर ग्रुपचा विषय इथे काढायची गरज नव्हती. हॉलचं भाडं त्यांनीच भरलं होतं.

मेधा, शनिवार संध्याकाळी ६.४०

सगळं वाचलं. अनिल, आकड्यांसाठी मनापासून आभार, तिला फोनवर २०,००० ची कमाल सांगितली तेव्हा आधी गप्प झाली आणि मग रडली. पण तू सुचवलेल्या मार्गात ती गुन्हेगार म्हणून जाते, दंड भरून, बंदी घेऊन. इथे २००८ चा मानवी तस्करीविरोधी कायदा आहे, त्याचं कलम ४१ मी वकील मैत्रिणीकडून समजून घेतलं. बळी ठरलेल्या व्यक्तीवर बेकायदा राहण्याचा किंवा वेश्याव्यवसायाचा खटला मंत्र्यांच्या लेखी परवानगीशिवाय घालता येत नाही. तिला बळी म्हणून ओळखलं जाणं हाच मुद्दा आहे. हेल्पलाइन १३००. प्रकाश, टीएम-३० चं तुझं बरोबर आहे, म्हणून तिला माझ्या घरी ठेवायचंच नाही, आधी वकिलात आणि तिथून सरकारी निवारा.

प्रकाश, तुझी भीती मला समजते, खोटं कशाला बोलू. रोहिंग्यांच्या तस्करीत २०१७ ला थाई लष्करातले लेफ्टनंट जनरल मानस कोंगपान यांना २७ वर्षांची शिक्षा झाली, पण ज्या पोलीस अधिकाऱ्याने तपास केला त्यालाच जिवाच्या भीतीने ऑस्ट्रेलिया गाठावी लागली. पण ४५,००० दिले तर ते कुणाला जातील? ज्याने तिला आणलं त्यालाच. नववीत शाळा सुटलेली, पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे थायलंडला कामाला जायचं तर आपल्या सरकारचा एमिग्रेशन क्लिअरन्स लागतो, म्हणून टुरिस्ट म्हणून पाठवलं आणि निघताना कोणत्या काउंटरच्या रांगेत उभं राहायचं तेही एजंटने व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं होतं. तिकडच्या काउंटरचे पैसे तिच्या कर्जात धरलेत, इकडच्या शिक्क्याचे आपण भरायचे, आणि त्याच पैशात तो पुढची मुलगी आणणार. खोलीत तिच्याबरोबर अजून तिघी आहेत. एक नांदेडची.

एक अडचण आहे आणि ती लपवत नाही. केस झाली तर निवाऱ्यात काही महिने जाऊ शकतात. जबाब आधीच कोर्टापुढे नोंदवून घ्यायची सोय कायद्यात आहे, पण लगेच होईलच असं नाही. तिला दिवाळीला घरी जायचंय, आईला तसं सांगून बसलीय. म्हणून ठरवणार ती. मी दोन्ही मार्ग तिला सांगितलेत.

अनिल, शनिवार रात्री ८.१५

कलम ४१ मला माहीत नव्हतं. माझा मेल मागे घेतो. वकिलातीत सामुदायिक कल्याण निधी असतो, तिकिटाला पैसे नसतील तर त्यातून मिळू शकतं, अर्ज मराठीत लिहिला तरी हिंदी-इंग्रजी तर्जुमा मी करतो.

जोशीकाका, शनिवार रात्री ९.००

मंडळाच्या लेटरहेडवर पत्र हवं असेल तर माझी सही घ्या. माझं व्हिसाचं कसलंही एक्स्टेन्शन बाकी नाही, कायमचा परवाना आहे, माझं कोण काय करणार. देवधरांना मी सांगतो.

प्रकाश, रविवार सकाळी ८.२०

एजंटला पैसे देत नाही. २०,००० वेगळे काढून ठेवलेत, दंड लागला तर. पावतीशिवाय एक बाटही जाणार नाही.

मेधा, रविवार रात्री १०.४५

तिने ठरवलं. तिघींना सोडून एकटी जाणार नाही म्हणाली, तक्रार देणार. नांदेडची तयार आहे, बाकी दोघींचं अजून नक्की नाही. बार पहाटे बंद होतो, तिथूनच पहिल्या बसने बँकॉकच्या एकमाई बस स्टँडला उतरतील. मी आणि वकील मैत्रीण स्टँडवर असू. अनिल, तू अशोक स्टेशनला जिन्याखाली थांब, वकिलात उघडायच्या आत तिच्या गल्लीत, सोई २३ ला पोचायचंय. जोशीकाका, पत्राच्या दोन प्रती.

पासपोर्ट दीदीकडेच राहतोय, पण त्याच्या फोटोपानाचा फोटो तिने वहीच्या पुठ्ठ्यात घडी करून ठेवलाय आणि वही सोबत घेतेय. शुभांगी, पातेलं माझ्याकडे आहे. चपला कुणाच्या जास्तीच्या असतील तर पाच नंबर लागतो, बारमध्ये उंच टाचांचे सँडल सोडून त्यांना काही देत नाहीत.