अमेरिकेची पीजीए टूर की युरोपची डीपी वर्ल्ड टूर: टीव्हीवर नियमित पाहायची कोणती?

कोथरूडकर

नमस्कार. चारही मेजर (वर्षातल्या सर्वांत मानाच्या) स्पर्धा आणि अमेरिका-युरोप संघांतला रायडर कप मी आवर्जून पाहतो. आता एखादी टूर, म्हणजे वर्षभराची स्पर्धामालिका, आठवड्याच्या आठवड्याला पाहावी, असे मनात आहे. सोबतीला वडील असतात. नोकरीत असताना ते थोडेफार गोल्फ खेळले आहेत, त्यामुळे फटका कोणत्या क्लबने मारला आणि तोच का निवडला, यात त्यांना रस असतो. मला अखेरच्या दोन तासांतली चुरस आवडते. अडचण अशी की अमेरिकेतील स्पर्धेचा निकाल आपल्याकडे सोमवारी पहाटे लागतो, आणि युरोपची वेळ सोयीची असली तरी बहुतेक मोठे खेळाडू अमेरिकेत असतात. केवळ वेळेखातर युरोपची टूर पाहायची, की प्रक्षेपण म्हणूनही तिच्यात स्वतःचे असे काही आहे? दोन्ही पाहणाऱ्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

सागरवारा

वेळेचा मुद्दा बाजूला ठेवला तरी मी युरोपचीच टूर सुचवेन. प्रक्षेपण कोणासाठी तयार होते, यावर बरेच अवलंबून असते. अमेरिकेत सीबीएस आणि एनबीसी या वाहिन्या रविवार दुपारच्या आपल्या देशातील प्रेक्षकांसाठी कार्यक्रम करतात आणि त्यांचा खर्च मुख्यतः जाहिरातींतून निघतो. युरोपची टूर स्वतःच्या निर्मितीसंस्थेमार्फत, आयएमजी या क्रीडा-माध्यम कंपनीच्या साथीने, एक जागतिक प्रक्षेपण तयार करते आणि ते अनेक देशांतील वाहिन्या घेतात. डेन्मार्क, दक्षिण आफ्रिका, जपान, भारत अशा सगळीकडच्या प्रेक्षकांसमोर जायचे असल्यामुळे दोन-तीन लाडक्या खेळाडूंभोवती कॅमेरा फिरवून तिथे भागत नाही. तेराव्या क्रमांकावरचा फिनलंडचा किंवा थायलंडचा खेळाडू बर्डी (ठरलेल्या फटक्यांपेक्षा एक कमी) करत वर येत असेल, तर तोही दिसतो.

तुमच्या वडिलांना जे हवे आहे ते इथे अधिक मिळेल. मैदानावर खेळाडूंबरोबर चालणारे समालोचक, उदाहरणार्थ ब्रिटनच्या स्काय स्पोर्ट्सचे वेन रायली, जे स्वतः 1995ची स्कॉटिश ओपन जिंकलेले आहेत, चेंडू गवतात कसा बसला आहे, वारा कोणत्या खांद्यावरून येतो आहे आणि खेळाडूने हातातला क्लब परत ठेवून दुसरा का काढला, हे फटक्याआधी सांगतात. स्वित्झर्लंडमधील क्रां-मोंताना येथे तर हे फार रंगते, कारण आल्प्समध्ये सुमारे 1,500 मीटर उंचीवर हवा विरळ असते, चेंडू नेहमीपेक्षा लांब जातो आणि प्रत्येक क्लबच्या अंतराचे गणित नव्याने मांडावे लागते. कॅडी (खेळाडूचे क्लब वाहणारा मदतनीस) वहीत बघून आकडा सांगतो, खेळाडू मान हलवतो, पुन्हा बेरीज-वजाबाकी होते; हा सगळा संवाद मायक्रोफोनवर ऐकू येतो. मला या टूरमधले सर्वांत जास्त आवडणारे दृश्य हेच आहे.

एक उणीव मात्र सांगायला हवी. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज, कार्नुस्टी आणि किंग्सबार्न्स या तीन मैदानांवर होणाऱ्या डनहिल लिंक्स स्पर्धेत व्यावसायिकांसोबत हौशी खेळाडूही असतात आणि कॅमेरा त्यांच्यातील नामवंतांवर फार रेंगाळतो. मैदाने अप्रतिम आहेत, पण स्पर्धा म्हणून ते पाहताना लक्ष टिकत नाही.

एडिसनवासी

मी न्यू जर्सीत राहतो, त्यामुळे माझी वेळ तुमच्या उलट आहे: इथे गोल्फ चॅनलवर युरोपची टूर सकाळी लागते आणि दुपारी पीजीए टूर, म्हणजे एकाच रविवारी दोन्ही पाहता येतात. जाहिरातींबद्दलची तक्रार मला मान्य आहे. पडद्याचे दोन भाग करून एकात जाहिरात आणि दुसऱ्यात खेळ दाखवण्याची पद्धत इथे आहे, पण ती अर्धीच मलमपट्टी आहे. मास्टर्स या मेजर स्पर्धेत तासाला केवळ चार मिनिटे जाहिराती असतात. ते एकदा पाहिले की इतर आठवडे अधिकच खटकतात.

तरीही फटक्यामागचे कारण समजून घ्यायचे असेल, तर अमेरिकी प्रक्षेपणाला मी अजिबात कमी लेखणार नाही. तिथे शॉटलिंक ही यंत्रणा प्रत्येक फटक्याची नोंद ठेवते आणि त्यातूनच कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ब्रोडी यांची ‘स्ट्रोक्स गेन्ड’ ही मोजणी पुढे आली. उदाहरण देतो. आठ फुटांवरचा पट (ग्रीनवरून, म्हणजे होलभोवतीच्या आखूड गवतावरून, चेंडू होलकडे ढकलण्याचा फटका) या टूरवरचे खेळाडू साधारण निम्म्या वेळा घालतात, म्हणजे तिथून सरासरी दीड फटका लागतो. एखाद्याने तो पट एका फटक्यात घातला की त्याने इतरांवर अर्ध्या फटक्याची कमाई केली. हा हिशेब पडद्यावर आला की आघाडीवरचा खेळाडू लांब टी-शॉटमुळे (होलच्या पहिल्या फटक्यामुळे) पुढे आहे की पटिंगने तरून गेला आहे, हे लगेच कळते, आणि चौथ्या फेरीत त्याचे काय होईल याचा अंदाज बांधता येतो. युरोपच्या पडद्यावर ही माहिती असते, पण इतक्या सातत्याने ती वापरली जात नाही.

शिवाय अलीकडे इथे खेळाडू फेरी चालू असताना कानात इअरबड घालून समालोचकांशी बोलतात. जानेवारी 2023 मध्ये कॅलिफोर्नियातील टोरी पाइन्सवर मॅक्स होमाने तेरावा होल खेळताना पुढच्या फटक्यासाठी त्याच्या मनात काय चालले आहे ते सांगितले होते, आणि ती स्पर्धाही त्यानेच जिंकली. वडिलांना तो भाग शोधून जरूर दाखवा.

चुरशीच्या बाबतीत फ्लोरिडातील सॉग्रासचा सतरावा होल मला आजही अतुलनीय वाटतो. अंतर जेमतेम 137 यार्ड, हातात वेज (जवळच्या उंच फटक्याचा क्लब), पण ग्रीनभोवती सगळे पाणी आणि पुढे शेवटचा कठीण होल शिल्लक. दोन फटक्यांची आघाडी तिथे एका चेंडूत जाऊ शकते.

हिरवळ

वरील दोन्ही प्रतिसाद पटले, पण मोठे खेळाडू अमेरिकेत असतात या मूळ शंकेला कोणी हात घातलेला नाही. ते खरेच आहे. 2024 पासून पीजीए टूरने मोठ्या बक्षिसांच्या, मर्यादित खेळाडूंच्या ‘सिग्नेचर’ स्पर्धा सुरू केल्या, आणि त्यांपैकी बऱ्याच स्पर्धांत दोन फेऱ्यांनंतर मागे पडलेल्यांना बाहेर काढणारा कटच नाही. त्यामुळे नामवंत चारही दिवस दिसतात, पण शुक्रवारी संध्याकाळी कट रेषेवर लोंबकळणाऱ्या खेळाडूचा शेवटचा पट पाहण्यातला ताण गेला. मला तो ताण रविवारच्या निकालाइतकाच मोलाचा वाटतो, आणि युरोपात तो अजून जवळपास दर आठवड्याला मिळतो.

दुसरे असे की 2023 पासून युरोपच्या हंगामाअखेरीस, गुणतालिकेतील आधीच पात्र नसलेल्या पहिल्या दहा जणांना पीजीए टूरचे कार्ड, म्हणजे तिथे खेळण्याचा हक्क, मिळतो. त्यामुळे नोव्हेंबरात दुबईत रोरी मॅकिलरॉय विजेतेपदासाठी खेळत असताना, त्याच मैदानावर दुसरा कोणी यादीतल्या दहाव्या जागेसाठी झुंजत असतो, आणि प्रक्षेपणात दोन्ही गोष्टी आलटून पालटून दाखवतात. पहिल्याच वर्षीच्या दहांपैकी फ्रान्सच्या मॅथ्यू पावोने जानेवारी 2024 मध्ये टोरी पाइन्सवर विजय मिळवला. स्कॉटलंडच्या रॉबर्ट मॅकिन्टायरने त्याच वर्षी कॅनडियन ओपन जिंकली, तीही वडिलांना कॅडी म्हणून सोबत घेऊन. या दोघांना आधी युरोपात पाहिलेले असल्यामुळे मला अमेरिकेतले ते आठवडे अधिक जवळचे वाटले.

कोथरूडकर

सर्वांचे मनापासून आभार. युरोप नियमित आणि अमेरिका निवडक, असे ठरवतो आहे. अमेरिकेचे कोणते दिवस पहाटे न उठता पाहता येतील?

एडिसनवासी

पूर्व किनाऱ्यावरच्या स्पर्धांचे गुरुवार आणि शुक्रवार निवडा. मार्चमध्ये सॉग्रासला पहिले गट सकाळी पावणेआठच्या सुमारास सुटतात, तेव्हा भारतात संध्याकाळचे सव्वापाच झालेले असतात. ज्या सेवेवर सकाळपासूनचे थेट प्रक्षेपण असेल ती घेतली, तर सकाळच्या गटातील मंडळी तुम्हाला रात्री जेवणाच्या वेळेपर्यंत सतराव्या होलवर खेळताना दिसतील. कॅलिफोर्नियातले जानेवारी-फेब्रुवारीचे रविवार मात्र सोडून द्या. तिथला निकाल पहाटे पाचच्या आसपास लागतो.

सागरवारा

युरोपातून सुरुवात करायची तर सप्टेंबरात इंग्लंडमधील वेंटवर्थची बीएमडब्ल्यू पीजीए स्पर्धा धरा. अठरावा होल पार पाच (म्हणजे पाच फटक्यांत पूर्ण करायचा), ग्रीनसमोर पाण्याचा ओहोळ, आणि दुसऱ्या फटक्यात तो ओलांडायचा की आधी थांबायचे, हा निर्णय प्रत्येकाला घ्यावा लागतो. 2024 मध्ये बिली हॉर्शेलने तिथेच प्लेऑफच्या (बरोबरी फोडण्यासाठीच्या जादा खेळाच्या) दुसऱ्या होलवर ईगल (पारपेक्षा दोन फटके कमी) करून मॅकिलरॉयला हरवले. आपल्याकडे तो निकाल रात्रीच लागतो.