चित्राला भाषा नसते म्हणे!

बोरूबहाद्दर (धागाकर्ता)

परवा एका ओळखीच्या गृहस्थांशी वाद झाला, तो इथे आणतोय. त्यांचं म्हणणं, फ्रान्सचं ‘शार्ली एब्दो’ हे उघड उघड वर्णद्वेषी साप्ताहिक आहे. पुरावा म्हणून त्यांनी एक चित्र पुढे केलं. कृष्णवर्णीय न्यायमंत्री क्रिस्तियान तोबिरा यांचं डोकं आणि खाली माकडाचं धड. बघून माझ्याही तोंडून ‘शी!’ निघालं.

मग त्या चित्राची कुळकथा शोधली. २०१३ साली नॅशनल फ्रंट या अतिउजव्या पक्षाच्या एका उमेदवाराने तोबिराबाईंची माकडाशी तुलना करणारं चित्र फेसबुकवर टाकलं होतं. शार्ब या व्यंगचित्रकाराने तेच माकड उचललं, शेजारी त्या पक्षाची तिरंगी ज्योत काढली आणि लिहिलं, ‘रासांब्लमां ब्ल्यू रासिस्त’. पक्षाच्या नेत्या मारीन ल पेन यांच्या आघाडीचं नाव होतं ‘रासांब्लमां ब्ल्यू मारीन’. मारीन काढून तिथे ‘वर्णद्वेषी’ बसवलं, एवढीच कोटी. टोला होता माकड म्हणणाऱ्यांना. पण ज्याला फ्रेंच येत नाही आणि ती ज्योत कोणाची हे ठाऊक नाही, त्याच्या हाती उरतं नुसतं माकड. ७ जानेवारी २०१५ ला शार्लीवर हल्ला झाला, १२ जण मारले गेले, त्यात शार्बही होता. त्याच हल्ल्यात गेलेल्या तिन्यूस या व्यंगचित्रकाराच्या अंत्यविधीला भाषण केलं ते याच तोबिराबाईंनी.

परक्या भाषेतला लेख समोर आला तर आपण सरळ सांगतो की बाबा, कळला नाही. चित्राबाबत हे कबूल करायला कोणी तयार नसतं, कारण ते दिसतं, आणि दिसलं म्हणजे कळलं असं आपण धरून चालतो. शाळेतल्या अभिधा (सरळ अर्थ), लक्षणा (लाक्षणिक अर्थ), व्यंजना (सुचवलेला अर्थ) आठवा. सीमा ओलांडताना अभिधा तेवढी पलीकडे जाते, व्यंजना नाक्यावरच जप्त होते.

आणखी दोन नमुने. १८३१ मध्ये फ्रान्सचा राजा लुई-फिलिप याचा चेहरा चार चित्रांत हळूहळू नासपती होत जातो असं शार्ल फिलिपाँने दाखवलं. तिथल्या बोलीत नासपती म्हणजे बावळट, हे माहीत नसलेल्याला ते निव्वळ फळ. दक्षिण आफ्रिकेचा व्यंगचित्रकार झापिरो तिथले माजी राष्ट्राध्यक्ष जेकब झुमा यांच्या डोक्यातून शॉवर उगवलेला काढतो. बाहेरच्याला वाटेल, स्वच्छतेचं कौतुक चाललंय! २००६ साली बलात्काराच्या खटल्यात (त्यातून ते निर्दोष सुटले) झुमांनी साक्षीत सांगितलं होतं की एचआयव्हीबाधित स्त्रीशी संबंध आल्यावर लागण टळावी म्हणून आपण शॉवर घेतला. तो शॉवर तेव्हापासून डोक्यावर बसला.

तेव्हा परक्याचं व्यंगचित्र बघून भडकण्याआधी ‘मला हे वाचता येतं का?’ हा प्रश्न स्वतःला विचारावा, एवढंच माझं म्हणणं.

खोडरबर

लेख आवडला, मत पटलं नाही.

‘संदर्भ’ हे हल्ली सगळ्या डागांवर चालणारं पोतेरं झालंय. जे चित्र समजवायला तुम्हाला एवढा मोठा परिच्छेद लागला, ते चित्र म्हणून फसलं, असं का नाही म्हणायचं? दरवेळी वाचकच अडाणी कसा?

२०१८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ‘हेरल्ड सन’मध्ये मार्क नाइटने सेरेना विल्यम्स काढली होती. यूएस ओपनच्या अंतिम सामन्यात ती पंचांवर चिडली, रॅकेट मोडली, हे खरंच घडलेलं. पण चित्रात काय? जाड ओठ, अवाढव्य देह आणि पलीकडे तिची जपानी-हैतियन वंशाची प्रतिस्पर्धी नाओमी ओसाका चक्क सोनेरी केसांची गोरी बाई. अमेरिकेत लोक उसळले, कारण गुलामगिरीनंतरच्या काळात काळ्या माणसांची टिंगल करणारी चित्रं अगदी अशीच असत. चित्रकाराचा बचाव काय, तर मी तिचं वागणं काढलं, वंश नाही. ऑस्ट्रेलियाच्या प्रेस कौन्सिलनेही नियमभंग झाला नाही असा निर्वाळा दिला. म्हणजे ज्यांना तो इतिहास भोगावा लागला नाही त्यांनी ठरवलं की इतिहासाचा इथे संबंध नाही. वा!

सुई किती बारीक होती हे सुईवाल्याने सांगू नये. ज्याला टोचली त्याला विचारा.

उंटावरचा शहाणा

चित्रांचं सोडा, साधा विनोदी मजकूर घ्या. अमेरिकेच्या ‘द ओनियन’ने २०१२ मध्ये किम जोंग उनला ‘जगातला सर्वांत मादक पुरुष’ जाहीर केलं. चीनच्या ‘पीपल्स डेली’च्या संकेतस्थळाने ही बातमी खरी मानून त्यांची ५५ छायाचित्रं छापली. छपन्नावं मिळालं नसावं.

त्याच वर्षी इराणच्या फार्स वृत्तसंस्थेने ओनियनचीच आणखी एक बातमी उचलली, की खेड्यांतल्या गोऱ्या अमेरिकनांना ओबामांपेक्षा इराणचे तेव्हाचे अध्यक्ष अहमदिनेजाद जवळचे वाटतात. फजिती झाल्यावर माफी मागितली, पण जाता जाता हेही सुनावलं की खरी पाहणी केली तर अमेरिकन लोक ओबामा सोडून बाहेरचा कोणीही पसंत करतील. पडलो तरी नाक वर!

यावर इलाज एकच. आपण इथे लिहितो तसं जगभर प्रत्येक विनोदाखाली ‘ह. घ्या.’ (हलके घ्या) छापणं सक्तीचं करावं.

पेन्सिलीचं टोक

@उंटावरचा शहाणा, ‘ह. घ्या.’ लिहावं लागलं तर तो उपरोध मेला असं माझं मत. चिमटा काढून ‘हा चिमटा होता’ असं कोणी सांगतं का?

मी काही वर्षं एका नियतकालिकासाठी चित्रं काढत होते, म्हणून थोडं आतलं सांगते. वेळ कमी, जागा तळहाताएवढी. अशा वेळी हात आपोआप ठरलेल्या खुणांकडे जातो. घुबड काढलं की पश्चिमेकडच्या वाचकाला शहाणपण दिसतं, आपल्याला अशुभ. अशा खुणांवाचून आमचं पान हलत नाही आणि घातही त्याच करतात.

पण खुणाखुणांत फरक असतो. अर्कचित्र म्हणजे अर्क काढायचा. प्रश्न हा की अर्क कशाचा काढलाय, माणसाचा की त्याच्या जमातीचा? व्यंगचित्रकार स्टीव्ह बेल ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान जॉन मेजर यांना पँटवरून चड्डी घातलेले काढायचा, फसलेला सुपरमॅन. ती चड्डी मेजरसाहेबांची एकट्याची. झुमांचा शॉवरही त्यांचा स्वतःचा, स्वतःच्या तोंडाने कमावलेला. याउलट नाक, ओठ, गाय ही एका माणसाची कमाई नव्हे, ती अख्ख्या समाजावर मारलेली चिठ्ठी.

गाय म्हटलं कारण मंगळयान. सप्टेंबर २०१४ मध्ये यान मंगळाच्या कक्षेत पोचलं आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये सिंगापूरच्या हेंग किम साँग यांचं चित्र आलं. आत ‘एलिट स्पेस क्लब’मध्ये दोन सुटाबुटातले गोरे पेपर वाचतायत आणि बाहेर फेटेवाला शेतकरी गाय घेऊन दार ठोठावतोय. वर्तमानपत्राने माफी मागताना सांगितलं की अवकाश ही आता फक्त श्रीमंत पाश्चात्त्यांची मक्तेदारी राहिली नाही, हे दाखवायचं होतं. मला हे खरं वाटतं. टवाळी क्लबवाल्यांचीच असणार. पण हेतू ताजा आणि खूण शिळी, मग वास शिळ्याचाच येणार.

आता याच स्टीव्ह बेलची पुढची गोष्ट. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याने नेतान्याहू काढले. हातात शस्त्रक्रियेची सुरी, उघडं पोट आणि पोटावर गाझा पट्टीचा आकार. ‘गार्डियन’ने ते छापलं नाही. म्हणे, यात शेक्सपिअरच्या नाटकातल्या शायलॉक या ज्यू सावकाराने मागितलेलं पौंडभर मांस दिसतं, म्हणजे ज्यूंबद्दलचा जुना विखार. बेलच्या डोक्यात होतं डेव्हिड लेव्हिनचं १९६६ चं चित्र. त्यात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन सदरा वर करून शस्त्रक्रियेचा व्रण दाखवतात आणि व्रण असतो व्हिएतनामच्या नकाशाचा. बेलने तर चित्रातच लिहिलं होतं, ‘डेव्हिड लेव्हिनवरून’. तरी चाळीस वर्षांचं काम तिथेच संपलं.

म्हणून धागाकर्त्यांना सांगते, संदर्भ चित्राच्या अंगावर लिहून दिला तरी पुरत नाही. बघणारा स्वतःचा संदर्भ घरून घेऊन येतो. आणि संपादकांनी यावर काढलेला तोडगा तर अफाट. याच न्यूयॉर्क टाइम्सने, पुन्हा एका नेतान्याहू-चित्रावरून गदारोळ झाल्यावर, जुलै २०१९ पासून आंतरराष्ट्रीय आवृत्तीतली रोजची राजकीय व्यंगचित्रंच बंद केली.

बोरूबहाद्दर

@पेन्सिलीचं टोक, ‘माणसाचा अर्क की जमातीचा’ ही कसोटी झकास. पण तिच्यावर तोबिरांचं चित्र नापास होतं, आणि मी तर त्याची वकिली करतोय. माकड शार्बचं नव्हतंच, दुसऱ्याचं बोलणं त्याने पुन्हा म्हणून दाखवलं.

खोडरबर

अहो, मग हेच तर दुखणं आहे! लिहिताना दुसऱ्याचं वाक्य अवतरणचिन्हांत टाकता येतं. चित्राला अवतरणचिन्हं कुठून आणणार? माकड पुन्हा काढलं की ते पुन्हा माकडच दिसतं.

आणि यात परकी संस्कृती लागतेच असंही नाही. जुलै २००८ मध्ये ‘न्यूयॉर्कर’च्या मुखपृष्ठावर बॅरी ब्लिटने ओबामांना मुस्लीम पोशाखात काढलं. मिशेल यांच्या खांद्यावर बंदूक, भिंतीवर बिन लादेनची तसबीर, शेकोटीत जळणारा अमेरिकेचा झेंडा. मासला होता ओबामांबद्दल पसरलेल्या अफवांचा. पण अफवा काढून दाखवली की ती अफवेइतकीच खरी दिसते. ओबामांच्या प्रचारचमूनेच चित्राचा निषेध केला. देश तोच, भाषा तीच, वर्षही तेच. इथे कुठला नाका आडवा आला?

साधा वाचक

तुम्ही सगळे गृहीत धरताय की लोकांना वाचता आलं नाही. बऱ्याचदा वाचायचंच नसतं.

डेन्मार्कच्या ‘युलंड्स-पोस्टन’ने ३० सप्टेंबर २००५ ला छापलेल्या, मुहम्मद पैगंबरांविषयीच्या १२ चित्रांवरून जगभर आगडोंब उसळला, माणसं मेली. त्या बारांतल्या एका चित्रात शाळकरी पोरगा फळ्यावर फारसीत लिहितोय की या वर्तमानपत्राचे पत्रकार म्हणजे प्रतिगामी चिथावणीखोरांची टोळी. म्हणजे चित्रकाराने ज्यांच्यासाठी चित्र काढलं त्यांचीच टर उडवली. पण आंदोलनात ‘ती १२ चित्रं’ असा गठ्ठाच झाला. त्या वर्तमानपत्राच्या संपादकाला चर्चा हवी होती, इतर देशांतल्या काहींना निमित्त. फळा वाचून कोणाचंच काम भागणार नव्हतं.

खोडरबर

काही वाचकांना खरंच दुखलं होतं, त्या सगळ्यांना निमित्तखोर म्हणू नका.

साधा वाचक

सगळ्यांना म्हटलं नाही. पेटवणाऱ्यांना म्हटलं.

पेन्सिलीचं टोक

या भांडणात काळ हाही परदेशच असतो, तो राहून गेला. व्यंगचित्रकार शंकर यांचं १९४९ चं चित्र: राज्यघटना नावाची गोगलगाय, वर आंबेडकर आणि मागे नेहरू, दोघांच्या हाती चाबूक. त्या वेळच्या वाचकाला दिसली रेंगाळणारी घटना समिती. २००६ मध्ये ते एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात आलं आणि २०१२ मध्ये त्यावरून संसद हादरली. योगेंद्र यादव आणि सुहास पळशीकर यांनी सल्लागारपद सोडलं. पळशीकरांच्या कार्यालयाची मोडतोड झाली, तिचं समर्थन मी कधीच करणार नाही. पण मधल्या सहा दशकांत आंबेडकर हे कोट्यवधी लोकांसाठी कोण झाले, हे लक्षात घेतलं तर ‘बाबासाहेबांच्या पाठीमागे चाबूक’ ही नजर चुकीची आहे असं मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. शंकरना ते अभिप्रेत नव्हतं, हेही तितकंच खरं. दोन्ही वाचनं त्या कागदावर आहेत. चित्रकार म्हणून मला हे मुळीच आवडत नाही.

अवांतर: आपण ‘व्यंगचित्र’ म्हणतो त्यातल्या ‘व्यंग’चा अर्थ कमतरता, वैगुण्य. ‘व्यंग्य’ म्हणजे सुचवलेला अर्थ. एक ‘य’ गळला आणि सगळं लक्ष नाकाकडे गेलं.

उंटावरचा शहाणा

तो ‘य’ बहुधा बोरूबहाद्दरांच्या नाक्यावर जप्त झाला असेल.

बोरूबहाद्दर

धाग्याची हकिगत पुरी करतो. त्या ओळखीच्या गृहस्थांना काल सगळं समजावलं: ज्योत, कोटी, तोबिराबाईंचं भाषण. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, “कळलं. शार्ब वर्णद्वेषी नव्हता, मान्य. पण माझी मुलगी सावळी आहे, शाळेत तिला काय काय म्हणतात ते मी ऐकतो. हे चित्र तिच्यासमोर धरून मी तिला आधी फ्रेंच राजकारण शिकवू?” यावर मला काही सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

खोडरबर

त्या गृहस्थांना माझा नमस्कार सांगा.

उंटावरचा शहाणा

हा नमस्कार खरा की तिरकस? खाली काहीतरी खूण टाका हो.