एलियन आयसोलेशन: हॉस्पिटलच्या पुढे जाताच येत नाहीये, कुणी खेळलंय का?

खाडीकाठ_दाभोळ
नमस्कार मंडळी, एलियन आयसोलेशन कुणी पूर्ण केलाय का? १९७९ चा मूळ 'एलियन' सिनेमा बघितल्यापासून हा गेम खेळायचं डोक्यात होतं, सेलमध्ये स्वस्त मिळाला म्हणून पीसीवर घेतला. सुरुवात एकदम भारी, ते सेवास्तोपोल नावाचं अंतराळ स्टेशन, जुन्या टीव्हीसारखे मुंग्या येणारे स्क्रीन, अंधारे कॉरिडॉर, सिनेमातच शिरल्यासारखं वाटतं. पण सान क्रिस्टोबल मेडिकलमध्ये, म्हणजे स्टेशनवरच्या हॉस्पिटलमध्ये जाम अडकलोय. तो डॉक्टर सांगतो ते कार्ड आणायला वॉर्डात जायचं आणि नेमकं तिथेच ते एलियन जनावर फिरतंय, मी लॉकरमध्ये शिरतो, हालचाल दाखवणारा ट्रॅकर काढून बघत बसतो, ठिपका लांब गेला की हळूच बाहेर पडतो आणि जरा पुढे गेलो की वरून धप्पकन अंगावर. रिव्हॉल्व्हरने तर त्याला ओरखडाही पडत नाही. त्यात पाऊस सुरू झाल्यापासून इकडे लाईटचा भरवसा नाही आणि या गेममध्ये कुठेही सेव्ह करता येत नाही, सेव्ह करायच्या भिंतीवरच्या त्या फोनपर्यंत पोचायच्या आत लाईट गेली की सगळं पहिल्यापासून. काय करावं सांगा.

चिपळूणची_गेमर
हो, तो मेडिकलचा भागच सगळ्यांना रडवतो, कारण तिथे पहिल्यांदा ते जनावर मोकळं सोडलेलं असतं. आधी ते चालतं कसं हे समजून घे म्हणजे अर्धं काम झालं. गेम बनवणाऱ्यांनी त्याला दोन मेंदू दिलेत. एक वरून सगळं बघणारा, त्याला तू कुठे आहेस हे कायम माहीत असतं, पण तो जनावराला नेमकी जागा सांगत नाही, फक्त 'त्या बाजूला जरा बघ' एवढंच सुचवतो. दुसरा मेंदू जनावराचा स्वतःचा, तो फक्त डोळे आणि कान यांच्यावर चालतो. आणि वरचा मेंदू तुझ्यावर किती ताण आलाय हेही मोजत असतो, फार झाला की जनावराला वर छतातल्या हवेच्या नळीत, व्हेंटमध्ये माघारी पाठवतो, थोड्या वेळाने परत आणतो. भरती-ओहोटी धर. आपण ओहोटीत चालायचं.
म्हणून लॉकरमध्ये बसून राहू नकोस. जितका वेळ बसशील तितकं ते तिथेच घुटमळणार, आणि रोज तीच युक्ती वापरलीस तर ते लॉकर हुंगायला शिकतं, हे मी खरंच अनुभवलंय. लॉकरपेक्षा टेबलाखाली, बेडच्या आडोशाला राहा आणि ते जिकडे जाईल त्याच्या उलट बाजूने सरकत राहा. लॉकरमध्ये असताना ते दाराशी आलंच तर मागे रेलायचं आणि श्वास धरायचा, ते बटण सोडायचं नाही, थोडी हेल्थ जाते, जाऊ दे.
आणि छताकडे बघत चाल! व्हेंटच्या भोकातून लाळ ठिबकताना दिसली तर त्याच्या खालून जायचं नाही. वरून धप्पकन म्हणतोयस ते हेच आहे.

मालवणी_तिखट
मेल्या, तुका ता आयकाक येता तसा तेका पण तू आयकाक येतंस ह्या इसरू नको. ट्रॅकरची ती टिकटिक जनावराक जवळून आयकाक जाता, तेव्हा ता जवळ असताना ट्रॅकर खाली ठेव.
बाकी धावू नको रे, वाकून चाल, वाकून चाललं की जवळजवळ आवाजच नाही होत. घाई झाली की माणूस धावतो आणि मरतो. आणि ट्रॅकर हातात धरला की मागचं सगळं धूसर दिसतं, तेव्हा सतत डोळ्यासमोर धरून चालू नको, एकदा बघ, खाली घे, कान लाव. चांगले हेडफोन असतील तर वर व्हेंटमध्ये आहे की खाली जमिनीवर उतरलाय हे पावलांच्या आवाजावरून कळतं, व्हेंटमध्ये पत्रा वाजतो आणि खाली उतरला की जड पावलं धाड धाड.

भाट्ये_किनारा
लाईटचं सांगतो. पीसी आणि मॉनिटर दोन्ही यूपीएसवर घे, नुसता पीसी नको, मॉनिटर बंद पडला तर सेव्ह करणार कसा. घरातला साधा इन्व्हर्टर असला तरी लाईट जाते त्या क्षणाला कधी कधी पीसी रिस्टार्ट होतो, म्हणून मध्ये यूपीएस हवाच. आणि विजा चमकायला लागल्या की प्लग काढ, इंटरनेटची वायर पण काढ, गेम ऑफलाईन चालतो, काही अडत नाही.
सेव्ह करताना फोनमध्ये कार्ड घातलं की तीन दिवे एकेक करून लागतात तेवढा वेळ तू उघडा असतोस, गेम थांबत नाही. शत्रू जवळ असेल तर आधी स्क्रीनवर तसं सांगतो, तेव्हा थांब आणि मग कर. पण आमच्याकडच्या पावसात माझा नियम साधा आहे, फोन दिसला आणि आसपास शांत असलं की करूनच टाकायचं, पुढे जाऊन परत येण्याची चैन आपल्याला परवडत नाही.
पीएसफोर आणि कॅमेरा असलेल्यांसाठी: यात तुमच्या खोलीतला आवाज ऐकण्याची सोय आहे, तुम्ही ओरडलात की जनावराला कळतं. जुलैत पत्र्यावर पाऊस कोसळत असताना ती सेटिंग बंद ठेवा.

खाडीकाठ_दाभोळ
खूप आभार सगळ्यांचे, छताकडे बघून चालायचं हे डोक्यातच नव्हतं. अजून एक विचारतो, मित्र म्हणतोय हा सोड आणि टर्मिनेटर रेझिस्टन्स घे, त्यात बंदूक आहे, धडाधड उडवायचं, सिनेमाचाच गेम आहे. काय वाटतं?

सावंतवाडी_रात्रपाळी
दोन्ही खेळलोय म्हणून सांगतो. टर्मिनेटर रेझिस्टन्स २०१९ चा, पोलंडच्या तेयॉन कंपनीचा, पहिल्या दोन सिनेमांत भविष्यातल्या युद्धाचे जे तुकडे दिसतात त्यावर अख्खा गेम उभा केलाय. छान आहे, जरूर खेळ. पण तिथेसुद्धा सुरुवातीला टी-८०० या यंत्रमानवासमोर साधी गोळी चालत नाही, लपूनच जावं लागतं, प्लाझ्मा रायफल हातात आल्यावर मग खरी मारामारी.
पण म्हणून हा सोडू नकोस भावा, मनापासून सांगतो. इथे आपण अमांडा रिप्ली असतो, सिनेमातल्या एलन रिप्लीची मुलगी. गोष्ट २१३७ सालची, नोस्ट्रोमो जहाज गायब झालं त्याला १५ वर्षं झालेली, आणि त्या जहाजाचा फ्लाईट रेकॉर्डर सापडलाय एवढ्या एका धाग्यावर ही पोरगी तिथे येते. एलियनच्या दुसऱ्या सिनेमाच्या मोठ्या आवृत्तीत कळतं की आईने मुलीला तिच्या अकराव्या वाढदिवसाला घरी येईन असा शब्द दिलेला असतो. हे माहीत असलं की त्या लॉकरमध्ये श्वास धरून बसलेली ती कोण आहे हे वेगळंच जाणवतं. ती सैनिक नाही, इंजिनिअर आहे, हातात पाना घेऊन दारं उघडते, वायरी जोडते. तिला सुरुवातीलाच मशीनगन दिली असती तर त्या जनावराची भीतीच गेली असती. मूळ सिनेमात एकच जनावर आणि जहाजावर धड हत्यार नाही, तीच दहशत या गेमने पकडली, म्हणून सिनेमावरच्या गेममध्ये मी याला सगळ्यात वर ठेवतो.
बघण्यासारखी अजून एक गोष्ट, जनावराचे पाय. सिनेमात सूट घातलेला माणूस होता म्हणून पाय माणसासारखे सरळ. गेममध्ये टेबलाखाली लपलेलो असताना आपल्याला बराच वेळ पायच दिसतात, म्हणून ते मुद्दाम मागे वाकलेले, जनावरासारखे केलेत. आता वॉर्डात जाशील तेव्हा बघ.

चिपळूणची_गेमर
+१. आणि हत्यार मिळतंच रे, पुढे फ्लेमथ्रोवर येतो. त्याने मरत नाही पण पळतं. लांब धार सोडायची नाही, छोटा फुत्कार पुरतो, इंधन पुरवून वापर, कारण सारखं सारखं वापरलंस तर ते घाबरेनासं होतं. तोपर्यंत जे सामान दिसेल ते उचलत जा, बॅटरी, इथेनॉल सगळं, आणि पहिलं नॉइजमेकर, म्हणजे आवाज करून लक्ष वेधणारं यंत्र बनव. पण बनवताना गेम थांबत नाही हे लक्षात ठेव, कोपरा बघून बनव. वॉर्डाच्या एका टोकाला तो फेकायचा, जनावर तिकडे धावलं की दुसऱ्या टोकाने कार्ड घेऊन बाहेर. माणसं असतील तिथे त्यांच्यामध्ये फेकला तर जनावर त्यांच्यावर जातं, तेही चालतं.
यंत्रमाणसांशी मात्र पान्याने भिडू नकोस, ते तुझा हात धरतात. त्यांच्यासाठी ईएमपी, म्हणजे यंत्रं थोडा वेळ बंद पाडणारा बॉम्ब राखून ठेव.

मालवणी_तिखट
आणि पुरो झालो की नोस्ट्रोमोवरचो तो छोटो भाग पण खेळ, तेच्यात सिनेमातल्या एलन रिप्लीचो, सिगर्नी वीव्हरचो खरो आवाज असा.