निघतो म्हटल्यानंतर : सातारा-सांगलीकडील निरोपाचे अनुभव

आजचा सांगली जिल्हा १९४९ साली साताऱ्यातून वेगळा निघाला आणि १९६० पर्यंत 'दक्षिण सातारा' या नावानेच ओळखला जात होता. त्यामुळे समारंभ आटोपल्यावर पाहुण्यांना वाटे लावण्याच्या रीतीही दोन्हीकडे बऱ्याच अंशी सारख्याच असाव्यात, असा माझा अंदाज आहे. तो खरा की खोटा, हे आपापल्या घरच्या अनुभवावरून सांगावे, असे मी विचारले; गावोगावची उत्तरे पुढे ज्याच्या त्याच्या शब्दांत दिली आहेत.

कराड
पाहुणा उठला म्हणजे निघाला, असे आमच्याकडे कोणी धरत नाही. बारशाचे जेवण होऊन त्याने टोपी सारखी केली की माजघरातून हमखास आवाज येतो, "च्या ठेवलाय, घेऊनच जावा." चहानंतर घराच्या पुढल्या सोप्यात गप्पा होतात, मग उंबऱ्यात होतात, आणि मुलीचे स्थळ किंवा भावकीतली वाटणी हे खरे विषय गाडीला किल्ली लावल्यावरच निघतात. चारचौघांत काढता न येणारे बोलणे मुद्दाम याच वेळेसाठी राखून ठेवलेले असते, असे माझे मत आहे.

तासगाव
माहेरवाशिणीची पाठवणी हा आमच्याकडे स्वतंत्र सोहळाच असतो. बुधवारी तिला कोणी सोडत नाही. "जाशील बुधी तर येशील कधी" असे म्हणून आजी पिशवी परत आत नेऊन ठेवत असे. निघण्याच्या दिवशी पाटावर बसवून कुंकू लावतात आणि खण, नारळ, हळकुंड, सुपारी व तांदूळ यांनी ओटी भरतात. माझी आई प्रत्येक ओंजळ सावकाश पदरात सोडायची. नंतर त्यातले चिमूटभर तांदूळ मी देवापुढे ठेवायचे, कारण माहेरचे सगळेच उचलून न्यायचे नसते. एवढे झाल्यावरही शेंगांची पिशवी विसरली म्हणून कोणीतरी एसटीमागे धावतेच!

बावधन (वाई)
रंगपंचमीच्या बगाडाच्या यात्रेला घरोघरी पाहुणे असतात. मानाच्या पाहुण्याला टॉवेल-टोपी दिल्याशिवाय सोडत नाहीत. हाच टॉवेल पुढच्या लग्नात दुसऱ्या कोणाच्या खांद्यावर दिसतो, हे सर्वांना ठाऊक असते आणि त्याचे कोणाला वाईटही वाटत नाही.

मिरज
दुखवट्याच्या घरी मात्र हे सगळे उलटे असते. तेथून उठताना "येतो" म्हणायचे नाही, "या" असेही कोणी म्हणायचे नाही आणि दारापर्यंत कोणी पोहोचवायलाही येत नाही. आमच्या नात्यातील एका नव्या जावयाने सवयीने हात जोडून "येतो मामा" म्हणताच शेजारच्या वडीलधाऱ्यांनी त्याचा दंड धरून त्याला मुकाट्याने बाहेर नेले आणि चपला घालताना रीत समजावून सांगितली.

सातारा शहर
मंगल कार्यालयातील लग्नांमुळे उंबरा आणि सोपा दोन्ही गेले. पंगत उठली की माणसे थेट गाडीकडे वळतात. तरीही यजमानांना न भेटता निघण्याची मुभा अद्याप कोणालाही नाही. गेल्या लग्नसराईत गर्दी पाहून आम्ही तसेच निघालो, तेव्हा रात्री फोन आला, "जेवलात तरी का? का तसंच गेलात?" दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन दारात हजर होता आणि त्यालाही आम्ही चहाशिवाय सोडले नाही.